बाबांची येझदी माझ्या नावावर

घरातलं माणूस गेलं की बँक, पेन्शन, घराचा उतारा यांच्याबद्दल सांगायला दहा जण येतात. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जुन्या मोटरसायकलबद्दल मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं: भंगारवाल्याला देऊन मोकळी हो. मी दिली नाही. १९८५ सालची येझदी रोडकिंग, नंबरात जिल्ह्याचा आकडा यायच्या आधीची, म्हणजे नुसती तीन अक्षरं आणि पुढे नंबर. बाबा २०२४च्या जूनमध्ये गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभरात गाडी माझ्या नावावर झाली आणि तिची नोंदणीही पाच वर्षांनी वाढली. कुठला कागद कुठे अडतो हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

आधी थोडं गाडीबद्दल. येझदी मैसूरला बनायच्या, आयडियल जावाच्या कारखान्यात, आणि १९९६ला तो कारखाना बंद पडला. आता त्याच नावाच्या नव्या मोटरसायकली रस्त्यावर दिसतात, पण त्यांचा एक नटसुद्धा आमच्या गाडीला बसत नाही. आमची टू-स्ट्रोक, अडीचशे सीसी, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. बाबा तिच्यावरून बडोद्याजवळच्या नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात जायचे. सकाळची पाळी असली की गल्लीतल्या निम्म्या घरांना गजर लावायची गरज पडत नसे.

ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांना एक गंमत सांगायला हवी. तिची किक आणि गिअर हा एकच दांडा. आत ढकलून वर फिरवला की किक, मारून झाली की पुन्हा पुढे पाडायचा, की गिअर. शिवाय गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हात क्लचवर नसला तरी चालून जातं. मी पोलो ग्राउंडवर शिकले तेव्हा कॉलेजात होते. बाबा मागे न बसता मैदानाच्या कडेला पेपर वाचत बसायचे आणि गाडी बंद पडली की वर न बघता ओरडायचे, "दांडा खाली!" दांडा वर राहिलेला असतानाच मी गिअर शोधत असायची, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

कायदा सांगतो की मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला ऑनलाइन मिळाला, ते काम जुलैतच उरकलं. आईने आणि भावाने गाडी मला द्यायचं एकमताने ठरवलं. एकमताने म्हणजे, भाऊ पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या सोसायटीत पार्किंग नाही. कळवल्याचं पत्र मी देऊन ठेवलं, त्याच्या नकलेवर पोचेचा शिक्का घेतला. तो शिक्का पुढे फार उपयोगी पडला. पत्र द्या आणि पोच घ्याच.

मग ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही बडोद्याच्या अकोटा भागात राहतो. पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी, वीज नाही, आणि नदीतल्या मगरी वस्तीत फिरताहेत म्हटल्यावर खाली उतरायला कोण धजणार? तीन दिवस आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो होतो, किती बुडाल्या आणि किती उघड्या पडल्या. पाणी ओसरलं तेव्हा येझदी पडलेली नव्हती, स्टँडवरच उभी होती, पण टाकीपर्यंत चिखलाचा एकसारखा थर. आणि आरसी बुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, गाडीच्या टूलबॉक्समध्ये! बाबांची सवयच ती, गाडीचे कागद गाडीत.

पुस्तक काढलं तेव्हा त्याचा लगदा व्हायला थोडंच बाकी होतं. इथे दोन गोष्टी सांगते. पहिली, भिजलेलं पुस्तक फेकू नका आणि हरवलं असं खोटं सांगू नका. हरवलेल्या पुस्तकासाठी पोलिसांत नोंद करावी लागते. फाटलेलं, भिजलेलं पुस्तक मात्र फॉर्म २६ बरोबर जमा केलं की दुय्यम प्रत मिळते, पोलीस ठाण्याची फेरी वाचते. दुसरी, इस्त्री फिरवू नका. पानांच्या मधे टीपकागद घालून, वर जड काहीतरी ठेवून पंख्याखाली वाळवा. आमच्या पुस्तकावर आईने पोळपाट ठेवला होता. सुकल्यावर शिक्के वाचता आले, बाबांचं नाव वाचता आलं. फक्त चेसिस नंबरातला एक आकडा पसरून त्याचा डाग झाला होता. ते प्रकरण पुढे येतंच.

गाडीचं काम पाणीगेटच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे दिलं. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, बाबांच्या काळापासून गाडी तेच बघतात. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य: "बेटा, किक मत मारना." पुरात बुडालेल्या गाडीच्या बाबतीत ही एवढी एकच गोष्ट पाळली तरी पुष्कळ. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि जोरात किक बसली की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलतच टेम्पोत चढवली, छोटा हाथीने नऊशे रुपये घेतले. त्या आठवड्यात बडोद्यातल्या प्रत्येक मेकॅनिकच्या दारात रांग होती, त्यामुळे आमचा नंबर लागेपर्यंत सप्टेंबर अर्धा उलटला.

चाचांनी माझ्यासमोर गिअरबॉक्सचा बोल्ट खोलला. आतून जे आलं ते ऑइल म्हणायची सोय नव्हती, दुधाच्या चहासारखं गढूळ काहीतरी. क्रँकच्या बेअरिंगला गंज चढला होता. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील धड असावी लागतात, नाहीतर इंजिन तिथून हवा ओढतं, तापतं आणि पिस्टन जाम होतो. सील, बेअरिंग, रॉडचा किट, मॅग्नेटोची कॉइल, नवं वायरिंग. सुटे भाग काही पुण्याहून आले, काही मैसूरहून. सायलेन्सर कॉस्टिकच्या गरम पाण्यात बुडवून साफ केले तर पाण्यावर कार्बनची काळी साय आली. सगळं मिळून एकोणीस हजारांच्या आसपास बिल झालं. आई म्हणाली, "एवढ्यात नवी गाडी आली असती तेव्हा." खरंच आली असती, १९८५मध्ये.

आता कागद. वारस कोण हे सिद्ध करायला माझ्याकडे पेढीनामा मागितला. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, गुजरातमध्ये तलाठ्यापुढे पंचांच्या साक्षीने कुटुंबाची वंशावळ लिहून घेतात, तो हा कागद. जनसेवा केंद्रात अर्ज टाकला आणि नवरात्र सुरू झालं. नवरात्रात बडोदं रात्री गरब्यात आणि दिवसा झोपेत असतं. त्यात पंच म्हणून ओळखीचे तीन जण एकाच दिवशी एकाच वेळी मोकळे सापडणं! सापडले, दसऱ्यानंतर. मग दिवाळी. लाभपाचमीपर्यंत नोटरीचं दुकानही उघडत नाही. तुमचं काम गुजरातमध्ये असेल तर ऑक्टोबर हिशेबातच धरू नका.

आईचं आणि भावाचं "आमची हरकत नाही" असं प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्पवर करायचं होतं. भावाने पुण्यात नोटरीकडे करून कुरियरने पाठवलं, ते चाललं. मात्र मजकुरात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर तिन्ही लिहा. "वडिलांची मोटरसायकल" एवढंच लिहिलेलं चालत नाही.

ऑनलाइन अर्ज भरायला बसले तेव्हा दोन भिंती आडव्या आल्या. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे असतात. मी टाकले, साइट म्हणाली जुळत नाही. पुन्हा टाकले, तेच. आरटीओतल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं तर तिथे शेवटून दुसरा आकडा १ होता. गाडीवर ७. आणि पुस्तकात तिथेच नेमका तो पसरलेला डाग. जुन्या हस्ताक्षरातून कॉम्प्युटरमध्ये उतरवताना १ आणि ७ची अदलाबदल झाली असणार, त्या काळच्या लिखाणात ती कोणाच्याही हातून व्हावी. इतकी वर्षं ते कुणाला टोचलं नाही, कारण नंबर कोणी टाइप करूनच बघितला नव्हता.

दुरुस्तीसाठी आधार काय द्यायचा? बाबांच्या कपाटात विम्याच्या पॉलिसींची फाइल निघाली, अगदी पहिल्या वर्षापासूनची. पहिल्या पॉलिसीवर, टाइपरायटरने ठोकलेला, ७. जुन्या गाडीची जुनी पॉलिसी कधीच फेकू नये हे तिथे कळलं, कारण चेसिस नंबर लिहिलेला तोच एक कागद घरात उरतो.

दुसरी भिंत ओटीपीची. साइटवर नोंदवलेला मोबाइल बाबांचा. आईने तो फोन बंद केला नव्हता, रोज चार्ज करायची, महिन्याचं रिचार्ज गुपचूप मारायची. मी त्यावरून तिच्याशी दोनदा वाद घातला होता. आता ओटीपी त्याच फोनवर आला आणि आई चष्मा शोधून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागली. मी काही बोलले नाही, तीही नाही. ज्यांच्या घरी असं काही घडलंय त्यांनी सगळे कागद पूर्ण होईपर्यंत गेलेल्या माणसाचं सिम चालू ठेवावं. बँकेपासून आरटीओपर्यंत सगळे तिथेच निरोप पाठवतात.

आता चेसिसची छाप. आरटीओला तुमच्या तोंडच्या आकड्यांशी देणंघेणं नाही, त्यांना लोखंडावरचे आकडे कागदावर हवेत. हँडलच्या खालच्या नळीवर नंबर कोरलेला असतो. रॉकेलच्या बोळ्याने तो पुसायचा, सुकू द्यायचा, त्यावर पातळ कागदाची पट्टी धरायची आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासत जायची. एकेक आकडा पांढरा उमटत वर येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेत नाण्याची छाप घ्यायचो त्याची आठवण झाली. ७ची मान उमटली तेव्हा शेजारचा एजंट म्हणाला, "बेन, सात ज छे!" जणू त्याचीच गाडी. मग ती पट्टी फॉर्मवर सेलोटेपने चिकटवायची. एक मात्र कटाक्षाने पाळा: गंज असला तरी पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर लावायचा नाही. आकडे घासलेले दिसले की संशय येतो, आणि तो संशय तुमच्या कागदांपेक्षा जड पडतो. रॉकेल, जुना टूथब्रश आणि सबुरी.

विम्याचा तिढा वेगळाच. आरटीओ म्हणणार चालू विमा दाखवा, विमावाले म्हणणार आरसी तुमच्या नावावर दाखवा. दोन खासगी कंपन्यांच्या साइटवर १९८५ हे सालच यादीत सापडलं नाही. शेवटी बाबांच्या जुन्या विमा एजंटकाकांना गाठलं. मृत्यूचा दाखला, पेढीनामा आणि आरटीओच्या पोचेची नक्कल पाहून त्यांनी थर्ड पार्टी पॉलिसी करून दिली. दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या दुचाकीला मूळ हप्ता १,३६६ रुपये, वर जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानाचा विमा या वयाच्या गाडीला कोणी सहजासहजी देत नाही, आणि मी फार मागेही लागले नाही.

पीयूसीला गेले तर तिथल्या मुलाने नळी हातात धरून विचारलं, कुठल्या सायलेन्सरमध्ये घालू? मी म्हटलं, दोन्हींत घालून बघ. २०००च्या मार्चपर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे; आमची त्याच्या खाली आली, दोन्हीकडून. चाचांनी कार्बोरेटर लावून देताना पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑइल सांगितलं होतं, बाबा सवयीने जास्त टाकायचे. नंदेसरीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्यांना त्यांची गाडी दिसायच्या आधी धूर दिसायचा.

तपासणी जानेवारीत उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आसपास पडली. त्या दिवसांत बडोद्यात दुचाकीवाले हँडलवर तारेची कमान लावून फिरतात, मांजाने गळा कापू नये म्हणून. मीही लावली होती, वर गळ्याला ओढणी. इन्स्पेक्टरने कमानीकडे पाहून मान डोलावली आणि मग खाली वाकून चाकांपासून सुरुवात केली. हॉर्न, पुढचा दिवा, ब्रेकचा दिवा, आरसा. मागच्या बाजूला येऊन विचारलं, साडी गार्ड कुठे? बाबांनी तो काढून माळ्यावर टाकला होता, "झडझड वाजतो" म्हणून. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी तिन्ही गोष्टी लागतात: धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी. माझ्याकडे दोन होत्या. गाडी परत नेली, गार्ड माळ्यावरून काढला, गंज घासला, चाचांकडून बसवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी, त्यात पास. इन्स्पेक्टर जाता जाता म्हणाले, "चालवणार कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, मग स्टार्ट करून दाखवा, आणि मी दांडा वर फिरवून किक मारली. दुसऱ्या किकला लागली. रांगेतले चार जण आपापले फॉर्म सोडून बघायला आले, त्यातल्या एका आजोबांनी त्यांच्या राजदूतची पूर्ण कहाणी सांगितली. ती ऐकून घेतल्याशिवाय निघता आलं नाही.

चेसिसची दुरुस्ती मंजूर झाल्यावर पुढचं भराभर झालं. फॉर्म ३१ आणि फॉर्म २६ एकत्रच दिले, गाडी फेब्रुवारीअखेर माझ्या नावावर चढली. नावबदलाची फी दीडशे रुपये, दुय्यम प्रतीचे दीडशे, कार्डाचे दोनशे. उशिराचा दंड किरकोळ लागला, पुराच्या तारखा आणि जुलैतल्या पत्राची पोच दाखवल्यावर त्यावर चर्चा झाली नाही. सगळी फी ऑनलाइन भरली, पावत्या मात्र छापून ठेवल्या.

नोंदणीची मुदत मे २०२५ला संपत होती. फॉर्म २५ मुदतीआधी साठ दिवसांपेक्षा लवकर घेत नाहीत, म्हणून मार्च संपेपर्यंत थांबावं लागलं. पुन्हा छाप, पुन्हा तपासणी, या वेळी साडी गार्डसकट. फी एक हजार. सुरक्षा नंबर प्लेटही लागली, त्यामुळे बाबांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली पिवळसर पडलेली पाटी उतरवावी लागली. नव्या पाटीवर तीच तीन अक्षरं छापून आली याचाच मला आनंद झाला, कारण नंबर बदलणार की काय अशी धास्ती शेवटपर्यंत होती. कार्ड पोस्टाने येतं आणि घरी कोणी नसेल तर आरटीओला परत जातं, म्हणून आईला दुपारी झोपू नकोस असं बजावलं होतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलं. आईने सही केली आणि पोस्टमनला गाडीही दाखवली.

नंतर ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढली. मोटरसायकलला आता नोंदणी वाढवायचे दोन हजार, मोटारगाडीला दहा हजार. ज्यांच्या दारात पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर उभी आहे त्यांनी हा आकडा धरूनच ठरवावं. मुदत संपू देऊ नका, कारण त्यानंतर दुचाकीला दर महिन्याला तीनशेचा वेगळा भार आहे.

आणि एक, इथेनॉलचं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी उभी राहिली की ते टाकीच्या तळाला वेगळं होऊन बसतं. आतून गंज, शिवाय जुन्या रबरी नळ्या फुगून चिरतात. मी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे वॉशर बदलून घेतले, आणि गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवते.

रविवारी सकाळी लवकर निघते, रस्ते मोकळे असतात तेव्हा. फतेहगंज, मग समा, कधी छाणीपर्यंत, येताना शेव-उसळ. परवा भावाचा फोन आला, दिवाळीत येतोय, गाडीची किल्ली तयार ठेव. मी त्याला त्याच्याच सहीच्या प्रतिज्ञापत्राचा फोटो पाठवला. तो म्हणाला, त्यात हरकत नाही असं लिहिलंय, चालवणार नाही असं कुठे लिहिलंय?